पाचव्या घरातला चिमटा

ताई : खोटं बोलू नकोस माझ्याशी. मी तिसऱ्या बाकावर गीतांची पुस्तकं मांडत होते. उपासनेला वीस मिनिटं होती. तू ऑर्गनच्या चौथऱ्यावरून उतरलास, इकडेतिकडे बघितलंस आणि तुझ्या बायकोच्या गिटारला हात लावलास.

ऑर्गनवाला : धूळ पुसली.

ताई : धूळ! स्वतःच्या चष्म्यावरची पुसत नाहीस कधी.

ऑर्गनवाला : ताई, हळू बोल. तो माइक अजून चालू असेल. पूर्वी या चर्चमध्ये कोणी शिंकलं तरी छतापर्यंत ऐकू जायचं. आता ‘हॅलो चेक, हॅलो चेक’ केल्याशिवाय देवालासुद्धा ऐकू जात नाही म्हणे.

ताई : माइक मी बंद केलाय. काय केलंस गिटारला?

ऑर्गनवाला : चिमटा सरकवला.

ताई : कसला चिमटा?

ऑर्गनवाला : गिटारच्या मानेवर लावतात तो. कॅपो म्हणतात त्याला. तारांखाली घरं पाडलेली असतात, त्यांतून तो जितका वर सरकवाल तितकी पट्टी चढते. बोटं तशीच धरायची, सूर मात्र वरचे निघतात. आम्ही बारा पट्ट्या बोटांत मुरवायला सहा वर्षं घासली, आणि ही मंडळी कपडे वाळत घालायचा चिमटा लावून मोकळी होतात.

ताई : किती सरकवलास?

ऑर्गनवाला : दुसऱ्या घरात होता. पाचव्या घरात नेला.

ताई : म्हणजे तीन पट्ट्या वर! अरे, अरे, अरे.

ऑर्गनवाला : तुला तर चिमटा म्हणजे काय तेच माहीत नव्हतं.

ताई : चिमटा माहीत नसेल, मला मोजता येतं. शाळेत मुख्याध्यापिका होते मी, आणि तुझ्या ऑर्गनबरोबर इतकी वर्षं खालच्या आवाजात गातेय. ते गाणंही तालमीत ऐकलंय. कडवं अगदी तळाशी, पुटपुटल्यासारखं. आणि धृपद आलं की एकदम वरच्या सप्तकात उडी.

ऑर्गनवाला : त्यांची सगळी गाणी तशीच असतात. आधी कानात कुजबुजायचं, मग डोक्यावर बसून ओरडायचं.

ताई : आणि तीन पट्ट्या वर नेल्यावर त्या उडीत तिचं काय झालं असतं?

ऑर्गनवाला : आवाज फाटला असता. दोनशे माणसांसमोर. झालं समाधान? म्हणूनच सरकवला.

ताई : स्वतःच्या बायकोचा?

ऑर्गनवाला : दुसऱ्या कोणाचा असता तर एवढं लागलंच नसतं मला.

ताई : बस इथे. बस म्हणते ना. आणि नीट सांग. ती तुझ्याशी वाईट वागली का काही? टाकून बोलली?

ऑर्गनवाला : ती कशाला बोलेल? ती चांगलीच वागते. तोच तर वैताग आहे. ताई, एकतीस वर्षं ती माझ्या शेजारी त्या स्टुलावर बसली. मी मान हलवली की पान उलटायची. एकदाही चुकली नाही. हॉस्पिटलातून ड्युटी संपवून थेट यायची, पायांत ते पांढरे बूट तसेच. मी दिवसभर शिलाई मशीनची पायडलं दुरुस्त करणारा माणूस. इथे आलो की माझ्या पायांखाली ही पायडलं, आणि शेजारी ती. मला वाटायचं, तिला यातच आनंद आहे.

ताई : असेलही.

ऑर्गनवाला : मग दोन वर्षांपूर्वी लेकीची जुनी गिटार कपाटावरून खाली काढली हिनं. नऊ वर्षं धूळ खात पडली होती तिथे. मी म्हटलं, काढू दे, बिचारीचे गुडघे दुखतात, बसल्या बसल्या काहीतरी विरंगुळा. मोबाइलवर बघून बघून शिकली. डाव्या हाताची नखं कापायला लागली, उजव्या हाताची वाढवायला लागली. मी हसत होतो, ताई. चांगला पोट धरून हसत होतो. आणि एके दिवशी चर्चचे पाळक घरी आले, चहा प्यायले आणि तिला म्हणाले, साडेदहाची उपासना तुम्ही चालवा. मला नाही. तिला! माझ्या घरात बसून, माझा चहा पिऊन.

ताई : तुझी आठची होतीच की.

ऑर्गनवाला : आठची! आठच्या उपासनेला कोण येतं? ज्यांना झोप येत नाही ते. तू, तो निवृत्त पोस्टमास्तर, आणि तीन विधवा, त्यातल्या दोघींना ऐकू येत नाही. साडेदहाला उभं राहायला जागा नाही. पडद्यावर मोठ्या अक्षरात शब्द, म्हणजे पुस्तकांना सुट्टी. तो दाताचा डॉक्टर लाकडी खोक्यावर बसतो आणि ज्यावर बसलाय तेच खोकं बडवतो. आणि मधोमध आमची सिस्टर. हॉस्पिटलातली सिस्टर आणि चर्चमधलीही सिस्टर. पोरंबाळं, म्हातारेकोतारे, सगळे तिला सिस्टर, सिस्टर करत फिरतात. मला काय म्हणतात माहीत आहे? सिस्टरचे मिस्टर.

ताई : हसू नको म्हणशील, पण मला हसू येतंय.

ऑर्गनवाला : हस. सगळेच हसतात.

ताई : बरं, नाही हसत. पण दोन वर्षं गप्प बसलास, मग आजच का?

ऑर्गनवाला : कारण आज दोन्ही उपासना पहिल्यांदा एकत्र होत्या. पुढच्या महिन्यापासून एकच राहणार. गायन कोणी चालवायचं, ते आज ऐकून चर्चचे पंच ठरवणार होते. पाचही जण मागच्या बाकावर ओळीनं बसले होते, मुलगी बघायला आल्यासारखे. सुरुवातीचं आणि शेवटचं गीत माझं, मधलं एक तिचं. म्हणजे एक तर मी, नाहीतर ती.

ताई : किंवा दोघं.

ऑर्गनवाला : दोघं म्हणजे काय होतं ते मी पाहिलंय. त्या शेजारच्या चर्चमध्ये ‘दोघं’ केलं होतं. वर्षभरात ऑर्गनवर टेबलक्लॉथ आला आणि टेबलक्लॉथवर फुलदाणी.

ताई : तुला ऑर्गनची काळजी आहे की स्वतःची?

ऑर्गनवाला : खरं सांगू? तुला सांगतो, परत विचारू नकोस. मी वाजवताना मंडळीकडे पाठ असते. समोर तो छोटा आरसा असतो, त्यात सगळे दिसतात. माझ्या गीताला लोक उभे राहतात, कारण उभं राहायचं असतं. तोंडं हलतात. कोणी घड्याळ बघतं, कोणी पुढच्याच्या साडीचा काठ बघतं. एकतीस वर्षं मी हेच बघत आलो आणि समजत आलो की भक्ती अशीच दिसते. मग हिच्या पहिल्या रविवारी मी साडेदहालाही ऑर्गनपाशीच बसून राहिलो, आणि हिनं चार कॉर्ड वाजवले. चार, ताई! मोजून चार! आणि आरशात मला दिसलं की तो गॅरेजवाला, जो फक्त बायकोनं ओढून आणला म्हणून येतो, त्यानं डोळे मिटले. हे मी कोणाला सांगितलं नाही. मला तिचा राग आला. इतका राग मला माझ्या धंद्यात फसवणाऱ्यांचाही आला नव्हता.

ताई : जळलास.

ऑर्गनवाला : जळलो. अजून जळतोय. नाव काय द्यायचं ते दे.

ताई : मग आज तुझ्या मनासारखं झालं का?

ऑर्गनवाला : तू तिथेच होतीस. माझी चेष्टा करू नकोस.

ताई : मी खाली होते. तुला आरशात काय दिसलं ते विचारतेय.

ऑर्गनवाला : ती गरम पाणी पिऊन आली. पट्टा गळ्यात घातला. मला वाटलं होतं, तिचं लक्षच जाणार नाही. तिची बोटं सवयीनं चालतात, नजर पडद्यावर असते. पण तिनं वाकून बघितलं. चिमट्यावर एक बोट फिरवलं. मग वळून थेट माझ्या आरशात बघितलं. आणि हसली.

ताई : हसली?

ऑर्गनवाला : हसली! तेव्हाच समजलो, हिला कळलंय, आणि आता ही मला दाखवणार. चिमटा परत खाली आणायला किती वेळ लागतो? दोन सेकंद. तिनं आणला नाही. तिथेच ठेवला. त्या दातवाल्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि सुरू केलं.

ताई : आणि उडी मारलीच नाही तिनं.

ऑर्गनवाला : नाही मारली. धृपद आलं, खोकं थांबलं, मी श्वास रोखून बसलो. आणि ती खालीच राहिली. कडव्याच्याच उंचीवर, साधं, बोलल्यासारखं. आणि सगळे गायला लागले. तूसुद्धा.

ताई : मीसुद्धा. मी पहिल्यांदाच ते गाणं पूर्ण गायले, सांगून ठेवते. तिच्या नेहमीच्या पट्टीत कडवं इतकं खाली असतं की बायका नुसते ओठ हलवतात, आणि धृपद इतकं वर की पुरुष खिशात हात घालून उभे राहतात. आज सगळं आमच्या आवाक्यात आलं होतं. पोस्टमास्तर गात होते रे! ज्यांना ऐकू येत नाही त्या दोघीही गात होत्या, एक ओळ मागे, पण गात होत्या.

ऑर्गनवाला : मला माहीत आहे. दोनशे माणसं, पडद्याकडे न बघता. तिनं शेवटी गिटारसुद्धा थांबवली, नुसते आवाज राहिले. एकतीस वर्षांत माझ्यासाठी ही माणसं अशी कधी गायली नाहीत. आणि ते कोणी करून दिलं? मी. तिला पाडायला गेलो आणि स्वतःच्या हातानं पाट मांडून बसवलं तिला.

ताई : बरं झालं.

ऑर्गनवाला : वर लोकांचा कुचकेपणा बघ. बाहेर पडताना पोस्टमास्तरांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला, म्हणाले, ‘उत्तम काम केलंत.’ गॅरेजवाला म्हणाला, ‘मानलं तुम्हाला.’ म्हणजे हिनं सगळ्यांना सांगितलंय बघ, नवऱ्यानं कसा डाव टाकला आणि मी कसा उलटवला. जखमेवर मीठ चोळायला रांग लागली होती नुसती.

ताई : तिचा स्वभाव तो नाही.

ऑर्गनवाला : मग ती तासभर आत पाळकांबरोबर आणि पंचांबरोबर काय करतेय? माझी आरतीच ओवाळत असणार.

ताई : दार वाजलं. आली बघ. ऐक, तुला एकच सांगते. तिला सगळं खरं सांग. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन, आणि मी सांगितलं तर पदरचं घालून सांगेन.

सिस्टर : ताई, तुम्ही अजून इथेच? पुस्तकं राहू द्या हो, मी लावते. सकाळपासून उभ्या आहात, पाय सुजतील.

ताई : मी लावते गं. तू बस जरा ह्याच्याजवळ. ह्याला काहीतरी बोलायचंय तुझ्याशी.

(ताई पुस्तकांचा गठ्ठा उचलून आतल्या खोलीत जाते.)

सिस्टर : सगळे दिवे मालवून काय बसलात? बरं वाटत नाहीये का? हात बघू.

ऑर्गनवाला : नाडी नको बघू. बोल. काय बोलायचं ते एकदाच बोलून टाक.

सिस्टर : बोलणारच आहे. किती आतल्या गाठीचे हो तुम्ही!

ऑर्गनवाला : हं.

सिस्टर : एका शब्दानं सांगितलं नाहीत. इतका वेळ घरात होतो, एकत्र नाश्ता केला, एकत्र चालत आलो. तोंडातून चकार शब्द नाही. मी गरम पाणी प्यायला गेले आणि मागच्या मागे कारभार उरकलात.

ऑर्गनवाला : तुला कळलं होतं. आरशात दिसलं मला.

सिस्टर : कळणार नाही? माझ्या कॅपोला हात लावणारं इथे दुसरं आहे कोण? डॉक्टरांना तर तो उघडतासुद्धा येत नाही. बघितलं, पाचव्या घरात. पहिला सेकंदभर वाटलं, चुकून सरकला असेल. मग म्हटलं, नाही. हा माणूस पट्टीच्या बाबतीत चुकून काही करत नाही.

ऑर्गनवाला : मग खाली का नाही आणलास?

सिस्टर : का आणू? गुरुवारी तालमीत तुम्हीच म्हणालात ना, ‘तुझं खालचं कोणाला ऐकू येत नाही आणि वरचं कोणाला गाववत नाही.’ सगळ्यांसमोर म्हणालात. मला लागलं होतं ते. घरी येऊन मी भांड्यांवर राग काढला, आठवतंय? दोन दिवस मनात तेच. खरं आहे, पण मग करू काय? मला त्यातलं कळत नाही हो. मी शिकले ती मोबाइलवर. त्या व्हिडिओतला पोरगा सांगतो दुसऱ्या घरात लावा, मी दुसऱ्या घरात लावते. त्या पोरग्याला आपली मंडळी काय माहीत?

ऑर्गनवाला : अगं, पण...

सिस्टर : थांबा, मला सांगू दे. पाचवं घर बघितलं आणि हळूच गुणगुणून पाहिलं. कडवं कसं छान मध्ये आलं. सगळ्यांना जमेल असं. मग विचार केला, कोरसची उडी? ती तर जमायचीच नाही. माझा जीव गेला असता तिथे. म्हणजे मग, उडी मारायचीच नाही! तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की तुम्हाला हेच सांगायचंय. उडी मारू नकोस, लोकांबरोबर रहा. तोंडानं सांगितलं असतं तर आपलं भांडण झालं असतं. म्हणून गुपचूप लावून दिलंत. मी डॉक्टरांना सांगितलं, कोरसला वाजवू नका, आज ह्यांनी वेगळं बसवलंय.

ऑर्गनवाला : ‘ह्यांनी’ म्हणालीस?

सिस्टर : मग काय म्हणू? पाळकांनाही तेच सांगितलं. पंचांनाही. बाहेर पोस्टमास्तर माझं कौतुक करायला लागले, त्यांना म्हटलं, माझं काही नाही, पट्टी ह्यांनी लावून दिली. गॅरेजवाल्यालाही पाठवलं तुमच्याकडे. आला होता का?

ऑर्गनवाला : आला होता.

सिस्टर : आणि ऐका ना, मुख्य गोष्ट. पंचांनी ठरवलं. एकच उपासना, गायन आपण दोघांनी मिळून चालवायचं. कोणतं गीत, कोणत्या पट्टीत, कुठे ऑर्गन, कुठे गिटार, सगळं तुम्ही ठरवायचं. मी तुमच्या हाताखाली. पाळक म्हणाले, ज्याला मंडळीचा गळा इतका कळतो, त्यालाच ते द्यायला हवं. पुढच्या रविवारी वेदीसमोर तुमचं नाव जाहीर करणार आहेत. मला इतकं भरून आलं तिथे! मी सांगणार नव्हते, पण सांगते. दोन वर्षं मला वाटत होतं, तुम्ही माझ्या गाण्याला नाकं मुरडता. आज पहिल्यांदा वाटलं, तुम्ही माझ्या गाण्याला हात लावलात. आपलं समजून. म्हणून हसले आरशात... असे काय बघताय?

ऑर्गनवाला : काही नाही.

सिस्टर : आनंद नाही झाला?

ऑर्गनवाला : झाला. म्हणजे... पुढच्या रविवारी जाहीर करणार?

सिस्टर : हो. तुम्हाला नवीन शर्ट घेऊ. ती कॉलर किती विरलीय.

ऑर्गनवाला : अगं, जरा थांब. शर्टाचं नको बोलूस. मला... ताईनं मला बघितलं चिमटा सरकवताना.

सिस्टर : बघू दे की.

ऑर्गनवाला : मी तो तुझ्यासाठी नाही सरकवला.

सिस्टर : मंडळीसाठी सरकवलात. तेच ते.

ऑर्गनवाला : मंडळीसाठी नाही. तुझा आवाज फाटावा म्हणून सरकवला. त्या उडीत. पाचही पंचांसमोर. लोकांनी माना खाली घालाव्यात आणि पुढच्या महिन्यापासून पुन्हा मला बसवावं म्हणून. तू जे सगळं समजलीस ना, त्यातलं एक अक्षर माझ्या मनात नव्हतं. गप्प बसलो असतो तर खपून गेलं असतं. आत्ता, शर्टाचं बोलत होतीस तोपर्यंत, मी गप्पच बसणार होतो.

सिस्टर : समजा, मी उडी मारली असती.

ऑर्गनवाला : हं.

सिस्टर : आवाज फाटला असता. मग तुम्ही काय करणार होतात? आरशात बघत बसणार होतात?

ऑर्गनवाला : ऑर्गन सुरू करणार होतो. लगेच खालच्या पट्टीत. म्हणजे तू बुडालीस आणि मी सावरलं, असं दिसलं असतं.

सिस्टर : तेही ठरवलं होतंत.

ऑर्गनवाला : बोटं पट्ट्यांवर ठेवलेली होती.

सिस्टर : आणि मी तिथे उभी राहून मनातल्या मनात तुमचे आभार मानत होते. प्रार्थनेतसुद्धा तुमचं नाव घेतलं हो मी! लाज वाटते मला.

ऑर्गनवाला : लाज मला वाटायला हवी.

सिस्टर : वाटतेय का?

ऑर्गनवाला : वाटतेय. पण खोटं नाही बोलणार, जळफळाटही गेलेला नाही. तू आत आलीस तेव्हा तुझा चेहरा असा काही उजळलेला होता की मी पुन्हा जळलो.

सिस्टर : वॉर्डात आमचा एक नियम आहे. चुकीचं औषध दिलं गेलं, तर दहा मिनिटांच्या आत सांगायचं. रडायचं नंतर, आधी सांगायचं.

ऑर्गनवाला : तासाच्या वर झालाय.

सिस्टर : हो. म्हणून आता आणखी वेळ घालवू नका. पाळक आत आहेत, पंचही आहेत, चहा चाललाय त्यांचा. जा आणि सांगा. मी एकदा तुमच्या वतीनं सांगून आले, आता पुन्हा नाही सांगणार.

ऑर्गनवाला : ते मला काढून टाकतील.

सिस्टर : टाकतील कदाचित.

ऑर्गनवाला : आणि सगळं तुला देतील.

सिस्टर : देतील. आणि मी नाही म्हणणार नाही, आधीच सांगते. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी गिटार परत कपाटावर टाकणार नाही. एकतीस वर्षं पानं उलटली, ती मनापासून उलटली. पण आता मला हे आवडतं.

ऑर्गनवाला : टाकू नकोसच. मी तसं म्हणत नाहीये.

सिस्टर : मग उठा.

ऑर्गनवाला : उठतो. गुडघा आखडलाय.

सिस्टर : एक मिनिट. जायच्या आधी एक सांगा. पाचव्याच घरात का लावलात? चौथ्यात का नाही?

ऑर्गनवाला : कशाला आता ते?

सिस्टर : मला ऐकायचंय.

ऑर्गनवाला : चौथ्यात तू निभावून नेलं असतंस. गरम पाणी प्यायलीस की तुझा आवाज चौथ्यापर्यंत जातो. थोडा किनरा होतो, पण जातो.

सिस्टर : आणि सहाव्यात?

ऑर्गनवाला : सहाव्यात तुला कडव्यातच कळलं असतं, तू तिथेच थांबली असतीस. पाचव्यात कडवं फसवं गोड लागतं. आवाज मोडला असता तो थेट धृपदात. दुसऱ्या शब्दावर. तिथे तू श्वास उशिरा घेतेस.

सिस्टर : श्वास उशिरा घेते?

ऑर्गनवाला : नेहमी. फक्त त्या एका ओळीत. बाकी ठिकाणी बरोबर घेतेस.

सिस्टर : हे तर मलासुद्धा माहीत नाही. तुम्हाला कसं माहीत? तो पहिला रविवार आणि गुरुवारची तालीम सोडली, तर तुम्ही माझं गाणं ऐकायला कधी थांबत नाही. घरी मी आतल्या खोलीत वाजवते, तेव्हा तुम्ही दुकानात असता.

ऑर्गनवाला : दुकानात नसतो.

सिस्टर : मग कुठे असता?

ऑर्गनवाला : तुझ्या दाराबाहेर. चपला हातात घेऊन.

सिस्टर : कधीपासून?

ऑर्गनवाला : दोन वर्षं. पहिल्या दिवसापासून. तुला पहिला कॉर्ड धरता येत नव्हता, तिसरी तार सारखी खरखरायची आणि तू स्वतःलाच रागवायचीस, तेव्हापासून.

सिस्टर : दोन वर्षं दाराबाहेर उभे राहिलात?

ऑर्गनवाला : हो.

सिस्टर : अहो, कडी तर मी कधी लावलीच नव्हती.